गाडी बाजूला घ्या

मामा वाहतूक शाखेतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी पुण्याच्या चौकांत गेली. त्यांची भाची शिवाजीनगर न्यायालयात वकिली करते. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे हे तिचं मुख्य काम. या दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही, म्हणूनच गाडी चालवताना मोबाइल वापरण्याचा विषय काढून दोघांना समोरासमोर बसवलं. मी लिहून घेत होतो. जिथे राहवलं नाही तिथे कंसात तोंड घातलं आहे.

मामा : फोनवर बोलणारा अडवला, की तो पहिल्यांदा काय करतो माहीत आहे? फोन लावतो. ‘साहेब, जरा बोला.’ ज्या फोनसाठी त्याला धरला, तोच फोन माझ्या कानाला. पलीकडे नगरसेवक, नाहीतर नगरसेवकाचा भाऊ, नाहीतर आमच्याच खात्यातलं कुणीतरी.

भाची : आणि तुम्ही सोडून देत होता.

मामा : कधी देत होतो, कधी नाही. गर्दी बघायची, वेळ बघायची, माणूस बघायचा.

भाची : ‘माणूस बघायचा’ म्हणालात ना, माझं भांडण नेमकं तिथेच आहे. मी कॅमेऱ्याच्या बाजूची आहे, मामा. त्याला कान नसतात, त्यामुळे नगरसेवकाचा भाऊ त्याच्याशी बोलू शकत नाही.

मामा : कॅमेऱ्यावर येतो मी. आधी कायदा सांग. लोकांना वाटतं, हजार रुपये भरले की विषय संपला.

भाची : कायदा वाचला तर लोक गाडी घरी ठेवतील. 2019च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184मध्ये ‘धोकादायक रीतीनं वाहन चालवणं’ म्हणजे काय याची यादीच दिली. लाल दिवा तोडणं, विरुद्ध दिशेनं जाणं वगैरे, आणि त्यातच हातात धरलेलं संपर्काचं उपकरण वापरणं. पहिल्या वेळी किमान 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 3 वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

मामा : सहा महिने! नुसत्या फोनसाठी आत गेलेला एक माणूस मी अख्ख्या नोकरीत बघितला नाही.

भाची : दिसणार कसा? कलम 200 मध्ये तडजोडीची सोय आहे. 184 मधल्या बाकीच्या गुन्ह्यांना ती नाही, हातातल्या फोनपुरतीच आहे. एका कलमात तुरुंग, दुसऱ्यात ‘जागेवर मिटवा’. तडजोडीचे दर राज्यानं ठरवायचे. आपल्याकडे डिसेंबर 2021पासून दुचाकीला 1000, चारचाकीला 2000 आणि मोठ्या वाहनांना 4000.

(दुरुस्ती देशभर 1 सप्टेंबर 2019ला लागू झाली आणि आपल्याकडचे दर आले सव्वादोन वर्षांनी. 2019च्या सप्टेंबरात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी दंड फार आहेत, कमी करा, असं पत्र केंद्राला पाठवलं आणि महाराष्ट्रानं नवे दर बाजूला ठेवले. मतदाराचा खिसा म्हटला की सगळे पक्ष सारखेच हळवे होतात.)

मामा : बरं, आता आकडे बघ. केंद्राच्या अहवालात 2021 साली मोबाइलमुळे 1997 अपघात आणि 1040 मृत्यू दाखवलेत. त्या वर्षी देशात रस्त्यावर माणसं मेली 1,53,972. म्हणजे फोनचा वाटा शंभरात एकसुद्धा नाही. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला हे पटेल का?

भाची : ते रकाने पोलीसच भरतात.

मामा : भरतात, म्हणूनच सांगतोय. अपघाताच्या जागी गेल्यावर काय दिसतं? घासल्याच्या खुणा, काचांचा खच, दोन गाड्या कुठे पडल्या ते. त्यावरून वेग लिहिता येतो. दारू असेल तर वास येतो, रक्त तपासता येतं. फोन? तो कुणीतरी उचलून नातेवाइकाला लावलेला असतो, किंवा फुटलेला असतो, किंवा चोरीला गेलेला असतो. वाचलेला ड्रायव्हर स्वतःहून सांगणार आहे का, की मी मेसेज वाचत होतो? मग आम्ही लिहितो, ‘भरधाव वेगात, हयगयीनं’. हे दोन शब्द सगळ्यांना पुरतात.

भाची : आणि ते पुढे माझ्याकडे येतं. दाव्यात मी मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशील मागवायचा अर्ज केला तर कधीकधी मिळतो. त्यात कोणत्या वेळी कॉल आला, किती वेळ चालला, साधा एसएमएस गेला का, हे कळतं. पण आता एसएमएस करतंय कोण? व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज त्या यादीत येत नाही. तिथे फार तर इंटरनेट सुरू होतं एवढं दिसतं, आणि ते सगळ्यांचंच दिवसभर सुरू असतं. बोलणारा एक वेळ सापडेल, टाइप करणारा नाही. आणि दोघांत वाईट टाइप करणाराच. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याचं साधं गणित आहे : एका मेसेजला सरासरी 5 सेकंद नजर रस्त्यावरून हटते. ताशी 60च्या वेगानं 5 सेकंदांत गाडी 83 मीटर जाते.

मामा : 83 मीटरमध्ये चौक येतो, झेब्रा येतो, शाळा सुटलेली असते. पण मग कानात ते पांढरं बोंड घालून बोलणारा तुम्ही सोडता कसा? त्याचं डोकं तरी कुठे रस्त्यावर असतं?

भाची : नसतंच. यूटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेयर हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच दाखवत आलेत, की हात मोकळे असले तरी संभाषणात गुंतलेल्या चालकाचा ब्रेक उशिरा लागतो. शास्त्र तुमच्या बाजूचं आहे. पण बाहेरून दिसत नाही त्यावर पावती कशी फाडणार? गाणं गुणगुणणारा आणि बायकोशी भांडणारा, दोघांचे ओठ हलतात. म्हणून कायद्यानं हात पकडला.

मामा : हातही धड पकडला नाही. पुण्यात फोन हातात असतोच कुठे? मान वाकडी करून खांद्यात दाबलेला असतो, नाहीतर बायका स्कार्फमध्ये खोचतात. ज्या थोड्यांकडे हेल्मेट आहे ते हेल्मेटात खुपसतात. एकानं मला ऐकवलं होतं, ‘काका, दोन्ही हात हँडलवर आहेत, बघा!’

भाची : मी त्याची वकील असते तर हाच मुद्दा मांडला असता. हसू नका. केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं 2018मध्ये सांगितलं होतं, की नुसतं गाडी चालवताना फोनवर बोलला म्हणून केरळ पोलीस कायद्याखाली खटला भरता येणार नाही; लोकांना धोका झाला हे दाखवावं लागेल. पुढच्या वर्षी संसदेनं 184मध्ये फोनचं नाव घेतलं, तेव्हा ती पळवाट मिटली. इंग्लंडमध्ये तर याहून मजेदार प्रकार घडला. तिथे 2003पासून बंदी आहे. एका माणसानं गाडी चालवत चालवत रस्त्यावरच्या अपघाताचं चित्रीकरण केलं. 2019मध्ये उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं, कारण कायद्यात बंदी होती ती फोनवरून संपर्क साधायला, चित्रीकरणाला नाही. सरकारला नियम बदलावा लागला, तेव्हा कुठे 25 मार्च 2022पासून फोन हातात घेऊन फोटो काढणं, गाणी शोधणं, नुसतं स्क्रोल करणंही गुन्हा झालं. फोन दरवर्षी नवा धंदा शिकतो आणि कायदा मागून धावतो.

मामा : कायदा कितीही धावू दे, चौकात माणूस नसेल तर काही होत नाही.

भाची : नुसत्या बंदीनं होत नाही, हे खरं. अमेरिकेत 2010मध्ये विमा क्षेत्राशी संबंधित एका संस्थेनं 4 राज्यांतले विमादावे तपासले. मेसेज करायला बंदी आल्यावर दावे कमी झाले नाहीत, काही राज्यांत उलट थोडे वाढले. त्यांचा तर्क असा : पूर्वी लोक फोन स्टिअरिंगवर धरून टाइप करायचे, बंदीनंतर पोलिसाला दिसू नये म्हणून मांडीवर ठेवायला लागले. नजर आणखी खाली गेली.

मामा : बघ! मी हेच सांगतोय. पण याचा अर्थ बंदी चुकीची असा नाही. अर्धवट धाक हा बिनधाकाहून वाईट, असा आहे.

भाची : म्हणूनच कॅमेरा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं डिसेंबर 2019मध्ये खास मोबाइल पकडणारे कॅमेरे लावले. ते वरून काचेतून थेट मांडीचा फोटो घेतात. संगणक संशयास्पद फोटो वेगळे काढतो आणि मग माणूस तपासतो. पहिले 3 महिने नुसत्या ताकिदीची पत्रं गेली, मार्च 2020पासून दंड. केरळनं जून 2023मध्ये 700हून अधिक कॅमेरे सुरू केले. हेल्मेट, सीटबेल्ट आणि फोन. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही जुलै 2024पासून तशी यंत्रणा आहे.

मामा : आता माझी पाळी. कॅमेरा काय वाचतो? नंबर प्लेट. चलन कुणाला जातं? मालकाला. मुलगा गाडी घेऊन गेला, हातात फोन, चलन बापाच्या मोबाइलवर. तेही त्याच दिवशी नाही.

भाची : नियम 167अ प्रमाणे 15 दिवसांत नोटीस जायला हवी.

मामा : जायला हवी! बापाचा नंबर बदललेला असतो, गाडी तिसऱ्यालाच विकलेली असते आणि नाव अजून पहिल्याचंच असतं. चुकून मिळालं तरी बाप बघतो आणि ठेवून देतो. महाराष्ट्रात ई-चलनाची थकबाकी हजारो कोटींत गेली आहे, तू पेपरात वाचतेस ना? लोक वाट बघतात लोकअदालतीची. ज्या शिक्षेची उधारी चालते ती शिक्षा नाही, अगं. मी गाडी बाजूला घ्यायला लावायचो तेव्हा दहा मिनिटं जायची, मागून ओळखीचे लोक बघत जायचे, ऑफिसला उशीर व्हायचा. हजार रुपयांपेक्षा ती दहा मिनिटं लागायची त्याला.

भाची : आणि त्या दहा मिनिटांत हजाराचे दोनशे व्हायचे, पावतीशिवाय.

(इथे मामा थोडा वेळ गप्प बसले. भाचीनंही लावून धरलं नाही.)

मामा : व्हायचे. सगळ्यांकडून नाही, पण व्हायचे. म्हणून तर हातात ई-चलनाचं मशीन आलं. त्यावरही लोकांनी युक्ती काढली. आमचे काही जण आडोशाला उभे राहून स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायचे आणि सवडीनं चलन टाकायचे. वाहनचालकाला पत्ताच नाही. ओरड झाली तेव्हा वरून परिपत्रक निघालं, की खासगी मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत.

भाची : म्हणजे माणूस नको, कॅमेरा नको. हवं काय तुम्हाला?

मामा : लायसन्स. पैशाचं राहू दे, लायसन्स घ्या. आमच्या वेळी लायसन्स जमा केलं की मोठमोठे साहेब चौकीत येऊन बसायचे. हजार रुपये त्यांना चहापाण्यासारखे. लायसन्सला मात्र हात लागला की हवा जाते.

भाची : कायद्यात ते आहेच, मामा. कलम 206च्या चौथ्या पोटकलमात 184चा गुन्हा केल्याचं दिसलं तर पोलिसानं लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. तडजोड झाली तरी ही कारवाई थांबत नाही, असं कलम 200मध्येच लिहिलंय. आणि ही आजची गोष्ट नाही. ऑगस्ट 2015मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनं सगळ्या राज्यांना कळवलं होतं : गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याचं लायसन्स किमान 3 महिने निलंबित करा.

मामा : कळवलं होतं. अधूनमधून मोहीम निघायची, यादी आरटीओकडे जायची. तिथून तो माणूस पुढचे तीन महिने खरंच गाडी चालवत नाही ना, हे कोण बघणार? आणि आता तर लायसन्सही फोनमध्ये. कागद मागितला की खिशातून तेच यंत्र काढतो.

भाची : त्याला उपाय आहे. निलंबनाची नोंद पोर्टलवर व्हायला हवी आणि ती तुमच्या मशीनमध्ये दिसायला हवी. 2020च्या नियमांत तशी तरतूद आहे. कॅमेऱ्याचं आणि लायसन्सचं लग्न लावलं की झालं. चलन मालकाला जातं म्हणता ना? मग मालकाला विचारा, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं. ब्रिटनमध्ये मालकाला चालकाचं नाव कळवावंच लागतं, नाही कळवलं तर तो वेगळा गुन्हा. हातात फोन सापडला की 200 पौंड दंड आणि लायसन्सवर 6 गुण चढतात. नवीन चालकाला पहिल्या दोन वर्षांत 6 गुण झाले की लायसन्स रद्द, पुन्हा परीक्षा.

मामा : हे मला पटलं. ‘गाडी कोण चालवत होतं?’ हे आमच्या चलनात विचारतच नाही कुणी.

(याच्या पुढे बोलणं बिघडलं. भाचीनं डिलिव्हरीवाल्या पोरांचा विषय काढला.)

भाची : पण हे सगळं कुणावर चालणार? तुमच्या मोहिमेत सगळ्यात आधी सापडतात ती पाठीवर चौकोनी पिशवी लावलेली पोरं. हँडलला फोन लावलेला. 1 ऑक्टोबर 2020पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला परवानगी आहे, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. आता त्याच पडद्यावर नकाशाच्या वर नवीन ऑर्डर येते. काही सेकंदांत बोट लावलं नाही तर गेली. टॅक्सीवाल्याचंही तेच. त्यानं गाडी बाजूला घेऊन बोट लावावं म्हणाल, तर तोवर ऑर्डर दुसऱ्याकडे. ज्याच्या पोटासाठी पडद्यावर बोट लावायची अट आहे, त्यालाच त्याबद्दल दंड. आणि अट घालणारी कंपनी कुठेच नाही.

मामा : मग उद्या दारू पिऊन चालवणारा म्हणेल, बाटली बनवणाऱ्याला धरा.

भाची : बाटली बनवणारा गाडी चालू असताना तुमच्या तोंडाला ग्लास लावत नाही. अ‍ॅप लावतं. आणि अ‍ॅपला माहीत असतं, की माणूस ताशी 40नं चाललाय. नकाशा त्याशिवाय चालतच नाही. गाडी हलत असेल तोवर नवी ऑर्डर दाखवू नका, एवढा एक नियम करायला काय हरकत आहे? 2017पासून आयफोनमध्ये गाडी सुरू असल्याचं ओळखून मेसेज अडवून ठेवायची सोय आहे. म्हणजे तंत्र आहे. ते सक्तीचं नाही एवढंच.

मामा : पोरगं हुशार असतं, दुसरा फोन ठेवेल.

भाची : ठेवू दे. कंपनीच्या कागदावर तरी खुणा राहतील. आणि मालकाला धरल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. एसटीनं नोव्हेंबर 2023मध्ये चालकांना गाडी चालवताना मोबाइल वापरायला बंदी केली. तरी मार्च 2025मध्ये दादरहून स्वारगेटला येणाऱ्या ई-शिवनेरीचा चालक क्रिकेटचा सामना बघत गाडी चालवताना दिसला. प्रवाशानं व्हिडिओ काढून थेट परिवहनमंत्र्यांना पाठवला. चालकाला बडतर्फ केलं आणि त्याला नेमणाऱ्या खासगी संस्थेला दंड ठोठावला.

मामा : किती?

भाची : 5000 रुपये.

मामा : म्हणजे ड्रायव्हरची नोकरी गेली आणि मालकाचे पाच हजार. हा तुझा धाक?

भाची : सुरुवात म्हणतेय मी.

मामा : त्यात मला दुसरंच दिसतं. त्या बसमध्ये इतके लोक होते, बोलला एक. बाकीच्यांना त्यात वावगं वाटलं नाही, कारण ते स्वतः तेच करतात. मी अडवलेल्यांची कारणं सांगू? ‘साहेबांचा फोन होता’, ‘घरून फोन होता, आई आजारी आहे’, ‘क्लायंट आहे हो’. दर वेळी पलीकडे कुणीतरी असतंच, आणि त्याला बहुतेकदा माहीत असतं की हा गाडीवर आहे. वाऱ्याचा आवाज येतो, हॉर्न ऐकू येतात. तरी तो बोलत राहतो. त्याच्यावर कुठलं कलम आहे तुझ्याकडे?

भाची : नाही. आणि करताही येणार नाही.

दोघं तिथेच थांबले, एकमेकांचं न पटलेलं तसंच ठेवून. माझं मत विचाराल, तर कॅमेऱ्याबाबत भाची बरोबर आहे आणि शिक्षेबाबत मामा. दंडाची रक्कम आणखी वाढवून काही साधणार नाही. थकबाकीचा आकडा तेवढा फुगेल. फोन सापडला की चालकाचं नाव विचारायचं आणि त्याचं लायसन्स 3 महिने थांबवायचं, याला नवा कायदा लागत नाही. 206चं चौथं पोटकलम आहे, समितीचं 2015चं पत्र आहे. आरटीओ आणि वाहतूक शाखा यांनी एकमेकांच्या याद्या उघडून बघायची तेवढी गरज आहे. कंपन्यांबाबतचा भाचीचा नियम मात्र नव्यानं करावा लागेल, आणि तो केंद्रानं करावा. राज्यावर सोडला तर पुन्हा एखादी निवडणूक आडवी येईल.

ज्या माणसासाठी कलम नाही, त्याच्यासाठी एवढंच : तुम्ही फोन केलात आणि पलीकडून हॉर्न ऐकू आला, तर ‘पोचल्यावर कर’ म्हणा आणि तुम्हीच ठेवून द्या.